आईचे शेअर्स विकावेत का

फ्लॅट बुश, ऑकलंड
११ मार्च २०१८

मामा,

आधीच सॉरी. शुद्धलेखनाच्या खूप चुका असतील. मी एका बोटानं टाइप करतो आणि फोन मधेच भलताच शब्द सुचवतो, त्यामुळे एवढं लिहायला सकाळ गेली. फोनवर मला बोलता येत नाही. मी नुसता हं हं करतो आणि तू म्हणतोस, 'अरे आहेस का गेलास?' मग तूच म्हणालास मराठीत ईमेल कर. तर हा ईमेल.

तू शाळेचं विचारलंस. आई गेल्यावर दोन आठवड्यांनी मी परत गेलो होतो. वर्गात शिरलो. मग एक जण 'सॉरी ब्रो' म्हणाला, मग दुसरा, मग सगळी रांग. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. मग नाहीच गेलो.  आता मी नर्सरीत आहे, म्हणजे रोपांच्या. कुंड्या भरतो, पाणी घालतो. तिथे बोलायला लागत नाही. मालक रबरी जॅंडल्स पायात घालून फिरतो आणि काही केलं तरी 'स्वीट ॲज' म्हणतो, म्हणजे सगळं मस्त.

आता मेन गोष्ट. आईचे शेअर्स. ती अमेरिकेतली चिप्स बनवणारी कंपनी, गेमिंगवाली, आईनं मी दहा वर्षांचा असताना घेतलेली. अकाउंट आईबाबांचं जॉइंट आहे, पण सगळं आईच बघायची. डबे भरता भरता फोन ओट्यावर टेकवून. तिकडचं मार्केट आपल्याकडे सकाळी बंद होतं ना, मग ती भाव बघून ओरडायची, 'रद्दीवाल्याला फोन लावा!' म्हणजे तुला.

ते माझ्या युनिव्हर्सिटीसाठी होते. मी तर शाळाच सोडली. बाबाला विचारलं काय करायचं, तो म्हणाला, 'पासवर्ड तुला माहितेय, तुला वाटेल ते कर, मला ते पान बघायचं नाही.' म्हणून तुला विचारतो. विकायचे का ठेवायचे?

क्षितिज

•

पामर्स्टन नॉर्थ
१८ मार्च २०१८

क्षितिजराव,

चुका मोजल्या नाहीत. तुझ्या आईची पत्रं बघितली असतीस तर तुला स्वतःचा अभिमान वाटला असता.

हो, मी रद्दीवाला आणि ती पतंगवाली. मी स्वस्त काय मिळतंय ते बघणार आणि ती वर काय चाललंय ते. आमचं आयुष्यभर हेच भांडण. तुझी नीतामामी मधे बसून दोघांना चहा द्यायची.

आता ऐक. तुमच्या गल्लीतलं एखादं घर घे. त्याचं वर्षाचं भाडं किती येतं? आणि मागतात किती? चाळीस वर्षं भाडं साठवलं तेव्हा कुठे किंमत निघते. मग लोक घेतात का? कारण गेल्या वर्षी वाढलं म्हणून यंदा वाढेल. शेअरचंही तसंच. कंपनी वर्षाला एका शेअरमागे कमावते किती, आणि आपण त्याच्या किती पट मोजतोय? तुमची पतंग पन्नास पटींवर आहे. माझ्याकडची वीज कंपनी सोळा-सतरा. पन्नास पट म्हणजे पुढची दहा वर्षं सगळं सुरळीत झालं असं धरून आजच पैसे मोजायचे. दहा वर्षं सगळं सुरळीत होतं का रे? तूच सांग.

माझं मत: विक. कंपनी वाईट नाही, भाव वाईट आहे. कंपनी आणि भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं कळलं तरी पुष्कळ.

शाळेचं मी काही म्हणत नाही. आत्ता.

मामा

•

फ्लॅट बुश
२४ जून २०१८

मामा,

उशीर झाला, सॉरी. इथे हीप्स, म्हणजे ढीगभर, पाऊस आहे आणि नर्सरीत चिखल.

तू मार्चमध्ये महाग म्हणालास. तेव्हापासून अजून वर गेलाय. तुला चिडवत नाही, नुसतं सांगतो. मी यूट्यूबवर बघून शिकतोय. त्याला मोमेंटम म्हणतात. जे वर चाललंय ते काही दिवस वरच जातं. का, ते कुणालाच नीट माहीत नाही पण जातं. किंमतीची एक सरासरीची रेष काढायची. भाव रेषेच्या वर आहे तोपर्यंत धरायचं. खाली आला की विकायचं, विचार करायचा नाही. आपला अजून वर आहे.

नर्सरीत पण तसंच आहे. दोन लिंबाची झाडं शेजारी ठेवली, एकाला नवी फूट आहे आणि एक नुसतंच उभं आहे, तर लोक फुटवेवालं नेतात. दुसऱ्यावर सेलचं लेबल लावलं तरी राहतं. मालक म्हणतो, सेलवालं झाड तीन वेळा विकायला लागतं.

तुझी वीज कंपनी म्हणजे ते दुसरं झाड. सॉरी. पण आहे.

पुढच्या महिन्यात आईचं वर्षश्राद्ध. बाबा म्हणाला तुम्ही दोघं गाडीनं येणार. मी सगळं करीन, फक्त लोकांशी बोलायला लावू नका.

क्षितिज

•

पामर्स्टन नॉर्थ
५ ऑगस्ट २०१८

क्षितिज,

घरी येऊन दोन आठवडे झाले. लिहू की नको करत होतो. लिहितोच.

त्या दिवशी तू पानं मांडलीस, वाढलंस, सगळं नीट केलंस. भटजीसुद्धा म्हणाले मुलगा गुणी आहे. मग तू गायब. शिरीष म्हणाला, 'असेल इथेच कुठे.' तुझा बाप बायको गेल्यापासून सगळ्याला हेच म्हणतो. मी शोधत गॅरेजमध्ये आलो. तू वॉशिंग मशीनशेजारी जमिनीवर बसलेला, हातात फोन, आणि फोनवर तो हिरवा आलेख. मी दारातूनच परत फिरलो. तुला कळलंही नसेल.

आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी, क्षितिज? त्या दिवशी तरी भाव बघायचा नव्हता.

माझं चुकत असेल. पण हा नाद मी पाहिलाय. माझ्या ऑफिसातला एक जण, चांगला शिकलेला, सकाळपासून फोनला चिकटलेला असायचा. तुझी ती रेष ना, ज्या दिवशी भाव तिच्याखाली येईल त्या दिवशी तू म्हणशील, 'आजचा दिवस बघू.' सगळे तेच म्हणतात.

इथे फेब्रुवारीत बागकामाचा कोर्स सुरू होतो. शाळा पूर्ण केलेली नसली तरी घेतात, मी जाऊन विचारून आलो. मागची खोली रिकामी आहे. मामीनं पडदेसुद्धा बदलले. तू यावंस असं आम्हा दोघांना फार वाटतं. पण आधी ते विक. सगळे. तो नाद डोक्यात घेऊन आलेला मुलगा मला इथे नको.

नीलू असती तर तिनंही आता विकलेच असते.

मामा

•

फ्लॅट बुश
२ ऑक्टोबर २०१८

मामा,

विकले. सगळे. काल झोपताना ऑर्डर टाकली, सकाळी उठलो तर झालं होतं. भाव चांगला मिळाला म्हणतात. बाबा नुसता 'ओके' म्हणाला आणि कामाला गेला. नंतर डोअरबेल वाजली, बघतो तर तोच. किल्ली विसरलेला. मग दारातच उभा राहून म्हणाला, 'सगळे?' मी हो म्हणालो. मग गेला.

आता मी फेब्रुवारीत येऊ शकतो ना?

एक सांगायचं राहिलंय. तू गॅरेजचं लिहिलंस त्याचं उत्तर. मी चार वेळा लिहून पुसलं.

मला मोमेंटम वगैरे तेवढं कळत नाही. ते मी तुला सांगायला शिकलो. विकायचं नव्हतं, पण का नाही ते सांगता येत नव्हतं, आणि तुझ्याशी आकड्यात बोललं की तू नीट उत्तर देतोस.

मामा, घरात आईचं सगळं जिथल्या तिथे आहे. बाबा काही हलवू देत नाही. तिचा चष्मा मायक्रोवेव्हवर आहे. तिचे बूट दारात आहेत, मी त्यांच्या बाजूनं झाडतो. कपाट तसंच. कपातलं तिचं पेन पण तसंच. वर्ष झालं, काहीच हललेलं नाही. फक्त हे एकच होतं. रोज सकाळी थोडं वर, थोडं खाली. काल एक आकडा, आज वेगळा. ती जे करून गेली ते अजून चालू होतं. आणि वाढत होतं. लॉगिन केलं की पानावर नमस्कार यायचा, 'किया ओरा, नीलांबरी.' मला वाटायचं साइटवाल्यांना माहीत नाहीये, बरंय, नको कळायला.

त्या दिवशी सगळे तिच्याबद्दल 'होती, होती' बोलत होते. म्हणून मी गॅरेजमध्ये गेलो. बाकी काही नाही.

तू म्हणालास आईनं विकलं असतं. म्हणून विकले.

आज पण लॉगिन केलं. नाव आहे अजून. खाली शून्य.

क्षितिज

•

पामर्स्टन नॉर्थ
९ ऑक्टोबर २०१८

क्षितिज,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. विकलेस ते बरोबरच केलंस, त्याबद्दल मनात काही ठेवू नकोस.

जास्त लिहीत नाही. दिवाळीला तू आणि बाबा इकडे या. शिरीषला म्हणावं कारण नको सांगू. लक्ष्मीपूजनाला तुला एक गोष्ट सांगायची आहे. चांगली आहे. घाबरू नकोस.

मामा

•

फ्लॅट बुश
१८ नोव्हेंबर २०१८

मामा,

दिवाळी मस्त झाली. मामीला सांग चकल्या बाबानंच संपवल्या. परत येताना ताउपोला गाडी थांबवून तळ्याकडे बघत खात बसला होता.

तू सांगणार होतास ते सांगितलंच नाहीस. पूजा झाल्यावर मी तुझ्या मागे मागे फिरत होतो. तू म्हणालास 'नंतर', मग म्हणालास 'विसरलो रे काय ते.' तू कधी काही विसरत नाहीस.

ते जाऊ दे. बघितलंस का? पडला! परवा एका दिवसात केवढा पडला! ऑक्टोबरपासून जवळजवळ अर्धा झाला. बाबानं ऑफिसात बातमी वाचली, घरी आला आणि हसला. मामा, खरंच हसला, दात दिसले. म्हणाला, 'तुझ्या मामाला मानलं पाहिजे, रद्दीवाल्यानं वाचवलं आपल्याला.' मग आम्ही बाहेर जाऊन पिझ्झा खाल्ला. वर्षात पहिल्यांदा तो आईबद्दल बोलला. ती तुला फोनवर कशी छळायची ते.

सगळं तुझ्यामुळे. ज्यांनी वरती घेतले असतील त्यांचं काय झालं असेल? यूट्यूबवर एक जण रडत होता. तू बरोबर होतास, महाग होता. ज्यानं ऑक्टोबरमध्ये घेतला तो वेडाच म्हणायचा.

फेब्रुवारीची तयारी करतोय. नर्सरीच्या मालकाला सांगितलं. 'स्वीट ॲज' म्हणाला, पण मग बराच वेळ नुसतीच माती चाळत बसला.

क्षितिज

•

पामर्स्टन नॉर्थ
१२ डिसेंबर २०१८

क्षितिज,

उत्तराला उशीर झाला. शिरीष हसला हे वाचून फार बरं वाटलं.

यंदा कोर्सचं जमेलसं दिसत नाही. मागच्या खोलीचं काम निघालंय. शिवाय मला सध्या घरी गडबड नको आहे. पुढच्या वर्षी बघू. नर्सरी सोडू नकोस.

माझं कौतुक करू नकोस. मी काही शहाणा नाही.

मामा

•

पामर्स्टन नॉर्थ
६ जानेवारी २०१९

चिरंजीव क्षितूस,

मी मामी. मी ईमेल कधी करत नाही हे तुला माहीत आहे, म्हणजे कारण तसंच आहे. मामाच्या त्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. तुला काय वाटलं असेल ते मला कळतंय. तो तुला नको म्हणाला ते तुझ्यामुळे नाही. खोलीचं काही काम निघालेलं नाही. पडदे तसेच लटकतायत, नवे.

ऑक्टोबरात तुझं ते पत्र आलं, आईचं कसं सगळं जिथल्या तिथे आहे ते. मामानं मला मोठ्यानं वाचून दाखवायला घेतलं. लॉगिनचं आलं तिथे थांबला आणि मला म्हणाला, 'पुढचं तूच वाच.' मग बाहेर जाऊन उगाच गवत कापत बसला, दोन दिवसांपूर्वीच कापलेलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं तेच शेअर्स घेतले. तू जेवढे विकलेस तेवढेच. ज्या माणसानं आयुष्यात सेल असल्याशिवाय शर्ट घेतला नाही, त्यानं. मी म्हटलं, 'अहो, तुम्हीच म्हणत होता ना, पन्नास पट आहे म्हणून?' तर म्हणाला, 'मी पोराला नाद समजलो गं. मी त्याच्या हातून ते बंद करायला लावलं. दिवाळीला सांगतो त्याला, परत आलेत म्हणून. त्याच्याच नावावर करून देतो.'

आणि मग ते पडायला लागले. दिवाळीपर्यंत इतके उतरले होते की त्याची सांगायची हिंमत होईना. 'आज वर येऊ दे, मग सांगतो.' रोज तेच. 'आजचा दिवस बघू.' मग तुझं पत्र आलं. त्यात तू लिहिलं होतंस, ज्यानं ऑक्टोबरमध्ये घेतला तो वेडाच. त्यानं मला ते वाचू दिलं नाही, मी नंतर वाचलं.

ते पैसे आमच्या पुढच्या आयुष्याचे होते. जातील, होईल काहीतरी, इथे पेन्शन आहे. मला त्याचं नाही. आता रोज सकाळी हा माणूस कामाला निघतो आणि गाडी आमच्याच ड्राइव्हवेमध्ये उभी करून आत फोन बघत बसतो. मी खिडकीतून बघते. नाताळात तर काचेवर डोकं टेकून बसला होता. म्हणतो, 'नीलूचं होतं नव्हतं ते मी दोनदा घालवलं. एकदा त्याचं, एकदा माझं.' विकून टाकू म्हणतो, आणि तू इथे आलास तर तुला तोंड कसं दाखवू म्हणतो.

तू त्याला काही सांगू नकोस मी लिहिलं म्हणून. फार वाईट वाटेल त्याला. पण लिही. नेहमीसारखं काहीतरी लिही. तुझं पत्र आलं की तो जेवताना बोलतो.

तुझी,
नीतामामी

•

फ्लॅट बुश
१३ जानेवारी २०१९

मामा,

हॅपी न्यू इयर. मी रागावलो नव्हतो. म्हणजे थोडा होतो, आता नाही.

मी इथे नुसता बसलो होतो म्हणून आज तुझ्यासारखा हिशोब केला. तीच कंपनी. एका शेअरमागे कमावते किती आणि भाव किती. तीन वेळा केला कारण पहिल्यांदा चुकला. मामा, आता ती महाग नाहीये. पन्नास पट नाही, वीसच्या आसपास आहे. तुझ्या वीज कंपनीपेक्षा थोडीशीच जास्त. आणि कंपनी तीच आहे, तेच लोक तिथे काम करतायत. तूच म्हणालास ना, कंपनी वेगळी आणि भाव वेगळा.

माझ्या नियमानं बघितलं तर विकायला पाहिजे, कारण भाव रेषेच्या खूप खाली आहे. तुझ्या नियमानं बघितलं तर ज्याच्याकडे असेल त्यानं आता विकू नये. मी तुझा नियम धरतो. मी असंच म्हणतोय. कुणाबद्दल नाही.

अजून एक. मी नोव्हेंबरमध्ये वेडा म्हणून लिहिलं होतं ते परत घेतो. माणूस काय म्हणून घेतो ते बाहेरून कळत नाही. मी गॅरेजमध्ये बसलो होतो तेव्हा तुला पण नाही कळलं.

आणि मी लिहिलं होतं ना, आईचं तेवढंच एक हलतं, वाढतं. मला वाटायचं वर गेलं म्हणजे चांगलं. पण खाली येतं ते पण हलतंच. मी अजून रोज सकाळी बघतो, आपले नसले तरी. वर गेलं की ती ओरडताना ऐकू येते, आणि खाली आलं की ती गप्प. तिचं गप्प असणं मी विसरलो होतो. ती खूप गप्प पण असायची, शेवटी शेवटी. मला तेच आठवायचं नव्हतं. आता आठवतं.

आईनं विकले असते का ठेवले असते, ते मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. आपण दोघांनी उगाच तिच्या नावावर खपवलं. तिला विचारायला पाहिजे होतं, पण तेव्हा मी तिच्या खोलीत जाऊन नुसता उभा राहायचो. एवढंच जमायचं.

खोलीचं काम चालू असेल तर चालू दे. मी हॉलमध्ये झोपेन, गॅरेजमध्ये पण झोपेन. कोर्स नाही झाला तरी चालेल, तिकडे पण नर्सऱ्या असतील. मला गडबड करता येत नाही हे तुला माहितेय. तू सकाळी गाडी काढशील तेव्हा मला मेन रोडवर सोड. बोलायचं नाही. दोघांनी नुसतं बसायचं, मग निघायचं.

बाबाला विचारलं. तो म्हणाला, 'जा.' मग आईचे बूट उचलून त्यानं कपाटात ठेवले आणि माझे बाहेर ठेवले. 

मी तिकीट काढू का ते सांग, बसचं

मामा थांब, एक मिनिट. बाहेर जोरात काहीतरी आपटलं. समोरच्यांची ट्रॅम्पोलिन वाऱ्यानं उडून रस्ता ओलांडून आमच्या कुंपणावर बसलीय. अख्खी. आणि त्यांचा छोटा मुलगा आमच्या दारात उभा राहून बघतोय. मी जातो बाहेर, तू तिकिटाचं सांग.